उजवीकडचे दार

पडद्यावर ते चित्र आले तेव्हा मी नासपती सोलत होते. नासपतीची साल मी आयुष्यभर एकसंध काढत आले आहे. देठापासून बुडापर्यंत एकच फीत, आणि ती तुटली तर ते फळ पितरांपुढे ठेवायचे नाही, हा माझ्या घरचा नियम. माझ्या सासूने तो घालून दिला आणि माझ्या सुनेने मनातल्या मनात हसत पाळला. चुसॉकचा सण होता. पितरांपुढची ताटे उतरली होती, सोल शहरातल्या चौदाव्या मजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात उदबत्तीचा धूर अजून खाली बसला नव्हता, आणि माझ्या थोरल्या मुलाने, इन्बोमने, आपल्या फोनमधले चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर पाठवून दिले. "बघा आई, बाबांची कबर," तो म्हणाला. "कंपनीनं कशी लख्ख केलीय. हा गवत कापायच्या आधीचा फोटो, हा नंतरचा. विमान नको, विळे नकोत, कंबर धरून बसायला नको." धाकटा जेबोम म्हणाला, "दादाची कंबर वाकायचं म्हटलं की धरते. गोल्फला नाही धरत." सगळे हसले. मीही हसल्यासारखे तोंड केले. पडद्यावर काळ्या दगडांची चौकोनी, बुटकी भिंत होती. तिच्या आत नव्या शिपायाच्या डोक्यासारखा भादरलेला हिरवा उंचवटा होता. आणि भिंतीत आत्म्याच्या येण्याजाण्यासाठी जी हातभर फट सोडतात, ती मृताच्या डाव्या अंगाला होती. साल माझ्या हातात तुटली.

कोणाच्या लक्षात आले नाही. सून ह्येरान चहाचे पेले गोळा करत होती, नातवंडे आपापल्या फोनमध्ये होती, आणि इन्बोम सांगत होता की पहिल्या वर्षी कंपनीचा फोन आला होता: "म्हणाले, साहेब, त्या टेकडीवर नाव नसलेल्या दोन कबरी आहेत, तुमची कुठली? मी म्हटलं, पुरुषाची. मग म्हणाले, मग प्रश्नच नाही, दारावरून कळतं. हुशार माणसं आहेत. तिसरं वर्ष आहे, एक तक्रार नाही." मी म्हटले, "छान आहे." माझ्या तोंडून "छान आहे" हे शब्द सहसा बाहेर पडत नाहीत, तेव्हा इन्बोमने मान वर करून पाहिले, पण तेवढेच. मी जन्मले त्या बेटावर, जिथे ही टेकडी आहे, कबरीभोवती भिंत असते ती घोड्यांनी तुडवू नये म्हणून, आणि वसंतात माळ पेटवतात तेव्हा जाळ आत येऊ नये म्हणून. दार मात्र मृतासाठी. पुरुष असेल तर त्याच्या डाव्या हाताला, बाई असेल तर उजव्या. पुरुषाची कबर आणि दार डावीकडे, यात कंपनीची चूक काढायला कोणालाही जागा नव्हती. चूक इतकीच होती की माझ्या नवऱ्याच्या कबरीचे दार उजवीकडे आहे. ते मी तसे ठेवायला लावले होते, आणि ही गोष्ट जाणणारे माझ्याखेरीज आता कोणी जिवंत नाही.

त्या रात्री मी झोपले की नाही हे मला सांगता येणार नाही. डोळ्यांपुढे पडद्यावरचा तो हिरवा उंचवटा येई आणि त्याच्याखाली कोण आहे हे कळेना. तीन वर्षे माझ्या मुलांनी कोणाचे तरी डोके भादरून दिले होते. आणि माझ्या नवऱ्याची, मुन्गिलची जागा? पण हे म्हणतानाच मी अडखळत होते, कारण मुन्गिल त्या जागेत कधीच नव्हता. तो चंदेरी, पट्ट्यासारख्या लांब पात्या मासळीच्या बोटीवर इंजिन सांभाळत असे. ऐन थंडीतली ती सकाळ. कुट्टूच्या पिठाची पेज अर्धी ठेवून तो उठला, म्हणाला, "झाकून ठेव, आल्यावर खातो," आणि मी तिच्यावर ताटली उपडी घातली. बोट आली नाही. माणसे आली नाहीत. ताटलीखालची पेज आंबली, मग तिच्यावर केसाळ राखाडी बुरशी धरली, आणि तरी सासू मला ताटली उचलू देईना. शेवटी गावाने भगतीण बोलावली. तिने किनाऱ्यावर उभे राहून त्याच्या नावाने समुद्राला हाका मारल्या, मी विणलेला त्याचा निळा स्वेटर पाण्यात बुडवून वर काढला, आणि म्हणाली, आला. त्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा लांब होती. मला तेव्हा विणकाम नीट येत नव्हते. तो ओला स्वेटर आम्ही टेकडीच्या पूर्वेच्या उतारावर पुरला. त्यावर माती चढवली. इन्बोमला मी अंगणात उभे करून सांगितले की बाबा येणार नाहीत. तो भोवऱ्याला दोरी गुंडाळत होता. वर न पाहता म्हणाला, "बरं, आई," आणि दोरी पुन्हा पहिल्यापासून गुंडाळू लागला.

भिंत बांधायला आलेला गवंडी मला म्हणाला होता, "पुरुषाची ना हो बाई? मग दार इकडं." मी म्हटले, "उजवीकडे ठेवा." त्याने पहार खाली टेकली. "असं कसं? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "लोक वाकून बघायला येणार आहेत का? दगड मी दिलेत, दार मी सांगेन तिथे." मी तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती, पण माझ्यापुढे दुसऱ्यांदा बोलायची कोणाची छाती होत नसे, तेव्हाही नव्हती. मला जे कळत होते ते साधे होते. समुद्राने ज्याला नेले त्याला दार कशाला? तो येणार नव्हता. त्या जागेत एक दिवस कोणाचा देह जाणार असेल तर तो माझा. त्याच्या स्वेटरावर मी निजेन. आणि तेव्हा मला आत जायला माझे दार लागेल. नावाचा दगडही मी याचसाठी लावू दिला नाही. सासूचे डोळे तोवर रडून गेले होते. ती भिंतीला धरून, दगड चाचपत, सबंध वळसा घालून आली. उजवीकडच्या फटीत तिचा हात गेला आणि तिथेच थांबला. मग म्हणाली, "बरं केलंस. रिकामी जागा वाईट." त्यानंतर मी दोन मुले घेऊन सोलला आले, मासळीबाजारात बसले, आणि गवत कापण्याच्या दिवसांत दरवर्षी एकटी बेटावर गेले. मुलांना नेले नाही. त्यांच्या परीक्षा असत, मग नोकऱ्या असत, मग मुलांच्या परीक्षा असत. आणि खरे म्हणजे ते गवत माझे होते. गुडघे गेले त्या वर्षी प्रथमच मी इन्बोमला म्हटले, तू बघ. त्याने कंपनी बघितली.

सणानंतर आठवड्याने माझी ऐंशी वर्षे भरली आणि ह्येरानने माझ्यापुढे एक रंगीत कागद ठेवला. बेटाची एका दिवसाची सहल. पहाटेचे विमान, रात्रीचे विमान, मध्ये छोट्या गाडीतून मोजकी माणसे, धबधबा, कडा, जेवण, टेकडी, संत्र्यांची बाग. "आई, तुम्ही तिथे जन्मलात, पण कधी फिरायला म्हणून गेल्याच नाहीत," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी विळा घेऊन. एकदा तरी बघा ना बेट कसं आहे ते." इन्बोम लगेच म्हणाला, "मी येतो सोबत." मी कागदावरची टेकडीची ओळ पुन्हा वाचली. नाव तेच होते. "मला सोबत नको," मी म्हटले. रात्री मी कपाटाच्या तळातून विळा काढला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि बॅगेत घातला. विमानतळावर सामानाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, एवढीशी बॅग, हातातच न्या की." मी म्हटले, "तुम्हीच सांभाळा. उतरल्यावर घेईन."

गाडीत आम्ही पाच जण होतो. देगू शहराच्या दोन बहिणी, साठीच्या, एकसारख्या जांभळ्या टोप्या घातलेल्या, एक नवे जोडपे, उजिन आणि दाहे, आणि मी. चालवणारा आणि दाखवणारा एकच, मिन्चोल नावाचा, पस्तिशीचा, तोंडावर सदा हसू असलेला. मुख्य भूमीवरची कचेरी सोडून तो बेटावर राहायला आला होता, हे त्याने पहिल्या सिग्नलला सांगितले. "बू माल्सुन आजी!" त्याने नाव पुकारले. "बू? हे कुठलं आडनाव म्हणायचं? पहिल्यांदाच ऐकतोय." या बेटाच्या मातीतून जे तीन पुरुष वर आले असे सांगतात, त्यांतल्या एकाचे ते आडनाव. मी म्हटले, "जुनं आहे." दाहेने माझी बॅग उचलायला हात घातला. "अगं बाई, काय आहे यात आजी, सोनं?" "सोन्याला धार नसते," मी म्हटले. तिला तो विनोद वाटला आणि ती खळखळून हसली. हसताना ती नाकावर हात ठेवत असे. मुन्गिलची धाकटी बहीण तसे करायची. तिला जाऊनही किती वर्षे झाली.

धबधब्यापाशी मी गाडीतच बसून राहिले. कड्यावर मात्र मिन्चोलने मला उतरवलेच. "आजी, इकडे बघा, काय नजारा आहे! लोक यासाठी जगाच्या टोकावरून येतात." खाली समुद्र होता. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि लाकडी कठड्याला धरून गाडीच्या चाकांकडे पाहत राहिले. "पाहिलाय," मी म्हटले. मागून वारा आला आणि मानेवरच्या केसांत शिरला, अगदी ओळखीच्या हाताने. मी कॉलर वर केली. समुद्र बघायचा असतो हे मला कधी उमगले नाही. समुद्राची वाट बघतात, त्याचे तोंड बघतात, त्याची लक्षणे बघतात. पण हात कमरेवर ठेवून नुसता तो बघायचा, आणि वर त्याला आपला हसरा चेहरा जोडून द्यायचा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिले. देगूची धाकटी बहीण फोटोसाठी फोन धरून थोरलीला म्हणत होती, "ताई, पोट आत घे." थोरली म्हणाली, "समुद्र काढायचाय की माझं पोट?" "दोन्ही मावत नाहीत म्हणून तर सांगतेय." दोघी हसता हसता एकमेकींना टेकल्या. माझ्या मनात आले, दोघींपैकी एक आधी जाईल. असे विचार मला हल्ली भाजी निवडतानाही येतात; मी त्यांना बसायला सांगत नाही, आणि ते उठतही नाहीत.

जेवायला तीच पात्या मासळी होती, तिखट रश्शातली, भोपळ्याच्या फोडींबरोबर. ती मासळी मी सोलच्या बाजारात आयुष्यभर विकली. तिच्या चंदेरी अंगावर बोट फिरवून ती कुठल्या पाण्यातली हे मी सांगत असे. आणि त्या थंडीनंतर एकदाही ती तोंडात घातली नाही. समुद्राच्या तळाशी जे जाते त्याचे पुढे काय होते हे मासळी विकणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. "आजी, खात का नाही? काटे काढून देऊ?" देगूच्या थोरलीने विचारले. "काटे मला काढता येतात," मी म्हटले, आणि तिच्या ताटलीतल्या तुकड्याचा कणा जेवायच्या काडीच्या एका फटक्यात वेगळा करून दिला. ती बघतच राहिली. मी भात आणि मुळ्याचे लोणचे खाल्ले. मांडीवर बॅग होती. टॉवेलातून विळ्याची मूठ मला मांडीला लागत होती, आणि त्या कठीण स्पर्शाने मला धीर येत होता. गवत किती वाढले असेल? तीन पावसाळे. काट्यांची जाळी आली असेल. पाइनचे रोप रुजले असेल तर ते मुळासकट काढायला हवे, नाहीतर मुळे आत शिरतात. आत काय आहे? एक स्वेटर. पण पुढे जे असणार आहे त्याच्यासाठी. मी मनात कामाची वाटणी करत होते: आधी दार मोकळे करायचे, मग माथा, मग कडेकडेने वळसा. कापताना गवताची मूठ डाव्या हातात धरून कमरेत वाकावे लागते. दुसरा मार्ग नाही. कंपनीची माणसे खांद्याला यंत्र अडकवून उभ्याने कापतात.

टेकडीच्या पायथ्याशी मिन्चोलने गाडी थांबवली आणि टाळी वाजवली. "आता माझी खास जागा. कुठल्या नकाशात सापडणार नाही. आजी, तुम्ही इथे खुर्चीत बसा, चढ आहे." मला तेच हवे होते. त्याने मागून घडीची खुर्ची काढून दिली, ते चौघे त्याच्यामागून पायवाटेने वर गेले, आणि त्यांच्या टोप्या गवतात दिसेनाशा होईपर्यंत मी खुर्चीत बसले. मग उठले. टेकडी सगळी रुपेरी झाली होती. मी दरवर्षी आले ते उन्हाळा सरता सरता, गवत हिरवे असताना. त्याला तुरे फुटल्यावर ती टेकडी कशी दिसते हे मी लग्नाआधी पाहिलेले, नंतर विसरले. वारा एका बाजूने येई आणि सगळा उतार एकदम मान वळवी. मी वाट सोडून आडवी चालू लागले. गुडघ्यांत कोणी वाळू भरल्यासारखे होत होते. वाऱ्याने एका अंगाला कायमचे वाकवलेले ते म्हातारे झाड मला दिसले आणि त्याच्या खाली, थोड्या अंतरावर, पडद्यावरची कबर.

मी तिच्यासमोर उभी राहिले. काम चोख होते, यात शंका नाही. कडेचे गवतही छाटलेले, दगडांच्या फटींतले वेल ओढून काढलेले, आणि उंचवट्यापुढे प्लॅस्टिकच्या शेवंतीचा गुच्छ. त्याला फीत, फितीवर माझ्या मुलाचे नाव. कोण होता हा माणूस? मला त्याचा राग यायला हवा होता, कारण तो माझ्या नवऱ्याच्या मानाचे खात बसला होता. पण त्या डावीकडच्या दाराशी जुन्या दगडांवर शेवाळ इतके दाट होते, इतके न हललेले, की कंपनी येण्यापूर्वी तिथे कोणाचा हात लागून जमाना झाला असावा हे मला दिसत होते. ज्याची कबर कोणी कापत नाही त्याचा वंश एकतर संपलेला असतो किंवा शहरात असतो. आणि मग एके वर्षी अचानक माणसे आली, यंत्रे घुरघुरली, फुले ठेवली गेली. त्याला काय वाटले असेल? एखाद्या म्हाताऱ्याला वाटते तेच, दार वाजल्यावर. अखेर आले, असे. मी गुच्छ सरळ केला. तो वाऱ्याने जरा कलला होता, एवढेच.

तेवढ्यात हसणे ऐकू आले. नाकावर हात ठेवून हसल्यासारखे, दबलेले आणि मग फुटलेले. ते वरून नव्हते येत. माझ्या समोरूनच, उताराच्या त्याच पट्टीतून, पुढच्या वळणापलीकडून येत होते. माझी पावले आपोआप भराभर पडू लागली. वळणापाशी काळी भिंत दिसली. उजवे दार दिसले. दोन्ही बाजूंचे उभे दगड तसेच होते, गवंड्याने शिव्या देत बसवलेले, आणि त्यांच्यामधून आत जाणारी जमीन पायांनी घोटून गुळगुळीत झाली होती. आत उंचवटा नव्हता. देह नव्हताच आत. एक स्वेटर माती किती वर्षे उचलून धरणार? तो खचला होता, सपाट झाला होता, आणि त्या सपाटीवर रुपेरी गवत डोक्याच्याही वर गेले होते, दाट, मऊ, टेकडीवर दुसरीकडे कुठेही नव्हते असे. मधोमध गोल जागा तुडवून मोकळी केलेली. त्या गोलात दाहे उभी होती, दोन्ही हातांनी तुरे गालांशी धरून, आणि भिंतीबाहेरून उजिन तिचे फोटो काढत होता. "थोडी डावीकडे," मिन्चोल सांगत होता. "सगळे तिथेच उभे राहतात. तिथे उजेड छान पडतो."

माझा हात बॅगेत गेला होता. टॉवेल सुटला होता, मूठ तळव्यात बसली होती. माझ्या घशात हुकूम तयार होता, बाजार गाजवलेल्या आवाजात, ज्याने पोलीसही मागे सरत: बाहेर व्हा. मिन्चोलने मला पाहिले. "अरे आजी! तुम्ही इथवर चालत आलात? आणि गुडघे?" मी विचारले, "ही जागा कोणाची आहे?" माझा आवाज मला हवा तसा निघाला नाही. "कोणाची नाही आजी. घोड्यांचा जुना गोठा असणार. मी इथे आलो त्या वर्षी सापडली मला. भिंतीमुळे वारा अडतो ना, म्हणून गवत बघा कसं माजलंय. माझ्या प्रत्येक सहलीला मी इथे आणतोच. लोक म्हणतात, बाकी बेट नाही बघितलं तरी चालेल." देगूची थोरली भिंतीला हात न लावता उभी होती. "मला तर ही कबरच वाटते बाई," ती म्हणाली. धाकटी म्हणाली, "ताई, तुला धबधब्यापाशीसुद्धा कबर दिसली होती." "ते स्मारक होतं." "कबर असती तर वर माती नसती का आली, फुगवटा?" असे म्हणत धाकटी माझ्याकडे वळली. मग मिन्चोल वळला, उजिन वळला. वयाने मोठे माणूस असले की लोक त्याच्याकडे असे बघतात, जणू मरणाचे खाते त्याच्याकडे आहे. दाहेच्या हातांतून तुरे सुटले. तिच्या केसांत कुसळे अडकली होती. ती हसायचे थांबली आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, "आजी, खरं सांगा हं. कबर आहे का ही? आमचं लग्न होऊन आठवडाच झालाय."

ती ज्या जागी उभी होती तिथे माझे डोके येणार होते. हे मी मापले होते. गवंड्याने दोरी धरली होती आणि मी बाजूला उभी राहून माझ्या उंचीचा अंदाज त्याला न कळता घेतला होता. मी तिच्या पायांकडे पाहिले. पांढरे बूट, मातीने थोडे मळलेले. कोणीच येत नाही असे मी चुसॉकपासून दर रात्री स्वतःला सांगत होते; आणि इथे तर दर दिवशी माणसे येत होती, हसत होती, गालाला गाल लावत होती, उजेड छान पडतो म्हणून थांबत होती. ती माझी नव्हती, एवढेच. माझी जी होती ती शेजारच्या कबरीवर नावाची फीत बांधून मोकळी झाली होती. एक शब्द बोलले असते तर ही पोर किंचाळून बाहेर आली असती, आयुष्यात कधी काही बिनसले की तिला हे गवत आठवले असते, मिन्चोलने हात जोडले असते, आणि मग मी वाकले असते आणि कापायला लागले असते. कोणासाठी? मुलांनी सोलजवळ एका इमारतीत मृतांची राख ठेवायचे कप्पे पाहून ठेवले आहेत, हे मला ठाऊक होते. ते मला सांगायला घाबरत होते, हेही. या दारातून मला आणणारे कोणी नव्हते. "नाही," मी म्हटले. "इथे कोणी नाही." मी आयुष्यात खोटे बोललेले नाही. तेव्हाही बोलले नाही.

दाहेने छातीवर हात ठेवून सुस्कारा सोडला. "मग या ना आजी, आत या. तुमचा काढते मी." मी बॅगेतली मूठ सोडली. बॅग भिंतीबाहेर ठेवली. दोन्ही उभ्या दगडांना हात लावला. ते गार होते, आतून गार, उन्हाचा त्यांच्याशी संबंध नव्हता. आणि मी उजवीकडच्या दारातून आत गेले. आत खरेच वारा नव्हता. टेकडीचा सगळा आवाज एकदम बाहेर राहिला. तुऱ्यांमधून येणारा उजेड हलका आणि करडा होता, आणि पायाखालची जमीन इतकी मऊ की क्षणभर मला ओल्या लोकरीचा वास आला. मला माहीत आहे, तो आला नसणार. मुन्गिल, मी मनात म्हटले, ही लांब बाही मला पुढे नीट करता आली असती. याहून अधिक काही सुचले नाही. "हसा ना आजी," दाहे म्हणाली. "हसायचं नाही," मी म्हटले. "जवळ ये. छातीपासून वर घे. सरळ. मागचं गवत नको फार." "अहो, पण गवत तर बघायला आलोय आपण! हा कसला फोटो, पासपोर्टचा?" धाकटी हसली. थोरली हसली नाही. ती प्रथमच भिंतीच्या आत आली, माझ्या कोटाची कॉलर तिने दोन्ही हातांनी सारखी केली, कपाळावर आलेली बट मागे सारली, आणि काही न बोलता बाजूला झाली. आमच्या वयाच्या बायकांना तो फोटो कशासाठी काढून ठेवतात हे माहीत असते. शेवटच्या दिवशी फुलांच्या मधोमध ठेवायला चांगला फोटो शोधण्याची पाळी मुलांवर येऊ नये.

संत्र्यांच्या बागेत मी काय पाहिले ते आठवत नाही. विमानतळाच्या वाटेवर दिवे लागले होते आणि गाडीत सगळे पेंगत होते. दाहे माझ्या शेजारी बसली होती. माझ्या काळ्या कोटाला चिकटलेली रुपेरी कुसळे ती एकेक करून वेचू लागली. मी तिचा हात हलकेच बाजूला केला. "राहू दे," मी म्हटले. फोन वाजला. इन्बोम होता. "आई, दमलात का? जेवलात का? काय काय बघितलंत?" मी म्हटले, "सगळं." "त्या टेकडीवरून गेला असाल ना? बाबांची कबर दिसली का? कापलंय ना नीट?" खिडकीबाहेर अंधारात समुद्र होता, दिसत नव्हता, पण काचेवर त्याचा वारा टेकत होता. आयुष्यभर मी कोणाची चूक जाऊ दिलेली नाही. मासळीच्या पाटीतला एक शिळा मासा मी वासावरून ओळखून परत पाठवला आहे. "नीट कापलंय," मी म्हटले. "पुढच्या वर्षीही त्यांनाच सांग. आणि प्लॅस्टिकची फुलं नकोत म्हणावं. खरी ठेवा." "हो, हो, सांगतो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातून ओझे उतरल्याचे मला ऐकू आले. मग मीच म्हटले, "तुम्ही कप्पे बघून आलात." "आई, ते... मी सांगणारच होतो. घाई काही नाही. डोळ्यांच्या उंचीचा एक मिळतोय, सगळ्यात चांगले तेच असतात, समोर उभं राहिलं की बरोबर..." "सगळ्यात खालचा घे," मी म्हटले. "खालचा? आई, खालचा कोणी घेत नाही. फरशीला लागून असतो तो. गुडघे टेकून वाकल्याशिवाय दिसतसुद्धा नाही." "म्हणूनच," मी म्हटले. "मला भेटायला येईल त्याला वाकावं लागलं पाहिजे."

फोनमध्ये मागे कुठेतरी ह्येरान भांडी लावत होती. मग तो म्हणाला, "बरं, आई." भोवऱ्याला दोरी गुंडाळताना त्याने ते अंगणात म्हटले होते अगदी तसेच म्हटले, वर न पाहता.